खिळ्याविना सोळा हजार तुकडे

२१ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत आग लागली. ती लावली होती डेनिस मायकेल रोहन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने. पुढे न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवले. या आगीत मशिदीचे लाकडी मिंबर जळाले. मिंबर म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी इमाम ज्यावर चढून प्रवचन देतो ते पायऱ्यांचे उंच आसन. हे आसन आठशे वर्षांचे होते. काही जळके तुकडे तेवढे हाती लागले.

या मिंबराची कथा विलक्षण आहे. सीरियाचा सुलतान नूरुद्दीन याने ते ११६८-६९ मध्ये अलेप्पो शहरात करायला घेतले, तेव्हा जेरुसलेम युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होते. शहर जिंकू तेव्हा तिथे बसवू, म्हणून आसन आधीच तयार! एरवी कोणी याला ‘बाजारात तुरी’ म्हटले असते. नूरुद्दीन ११७४ मध्ये वारला. त्याचा सरदार सलाहुद्दीन पुढे सुलतान झाला. त्याने ११८७ मध्ये जेरुसलेम घेतले आणि अलेप्पोहून ते मिंबर आणवून अल-अक्सात उभे केले.

आगीनंतर मुस्लिम देशांत संतापाची लाट उसळली. पुढच्याच महिन्यात मोरोक्कोची राजधानी रबात इथे शिखर परिषद भरली आणि तिच्यातून आजच्या इस्लामी सहकार्य संघटनेचा जन्म झाला. पण मिंबर पुन्हा घडवायची गोष्ट निघाली तेव्हा वेगळीच अडचण समोर आली. जुनी छायाचित्रे होती, जळके अवशेष होते, पैसा उभा करता आला असता. मूळ आराखडा मात्र कुठेच नव्हता. अशा जोडकामात हात बसलेली सुतारांची परंपराही त्या परिसरात उरली नव्हती. नवे मिंबर जागेवर बसायला २००७ साल उजाडले.

लाकडावर कोरलेली नक्षी नक्कल करायला अवघड असते, अशक्य नसते. मग इथे इतकी वर्षे का लागली? कारण या मिंबरावर तारे, षटकोन, पाकळ्या अशी जी नक्षी दिसत होती, ती लाकडावर काढलेली नव्हती. ती त्याची बांधणी होती. नक्षीतली प्रत्येक रेषा म्हणजे एक सांधा होता, प्रत्येक आकृती म्हणजे एक सुटा तुकडा. नक्षी काढून घेतली तर मागे कोरी फळी उरत नाही, काहीच उरत नाही. मध्ययुगीन इस्लामी जगातल्या सुतारांचे खरे कर्तृत्व हे आहे, आणि ते समजून घ्यायचे तर सुरुवात लाकडापासूनच करावी लागते.

झाडे नसलेल्या मुलखातले सुतार

इजिप्त आणि इराक हे दोन्ही देश लाकडाच्या बाबतीत गरीब. इजिप्तमध्ये बाभूळ आहे, उंबराच्या कुळातले एक झाड आहे, खजूर आहे. लांब, रुंद, सरळ फळी देईल असे झाड मात्र जवळपास नाही. त्यामुळे चांगले लाकूड बाहेरून यायचे. देवदार लेबनॉनच्या डोंगरांतून, पाइन अनातोलियातून, काळेभोर आबनूस आफ्रिकेतून आणि सागवान हिंदुस्थानातून.

सागाची मातबरी तिथे फार मोठी होती. इराणच्या आखातावरचे सिराफ हे दहाव्या शतकातले गजबजलेले बंदर. तिथली घरे सागवानाची आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाची आहेत, असे भूगोलकार इस्तखरी याने नोंदवून ठेवले आहे. कोकणची बंदरे याच सागरी वाटेवर होती. बगदादचा इतिहासकार अल-मसूदी सन ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या आपल्या चौलला, येऊन गेला. तिथल्या मुसलमान वस्तीचा आकडा तो दहा हजार देतो. त्यात ओमान, सिराफ, बसरा, बगदाद इथून आलेले लोक होते. ज्या शहरांना सागवान हवे होते, तिथलीच माणसे आपल्या किनाऱ्यावर दुकाने थाटून बसली होती.

ट्युनिशियातल्या कैरवान शहराच्या मोठ्या मशिदीत सन ८६२-६३ च्या सुमाराचे एक मिंबर आहे. आज अस्तित्वात असलेले हे जगातले सर्वांत जुने मिंबर. ते सागवानी आहे आणि हे लाकूड हिंदुस्थानातून बगदादमार्गे आले, असे परंपरा सांगते. तीनशेहून अधिक कोरीव फळ्या जोडून ते उभे केले आहे. वेलबुट्टी, पाने, जाळीदार भौमितिक आकृती असे सगळे त्यात आहे. पण फळ्या सरळ आयताकृती आहेत आणि त्या साध्या उभ्या-आडव्या चौकटींत बसवल्या आहेत. भूमिती अजून फळीच्या आतच होती. ती बाहेर येऊन चौकटीचाच ताबा घेईल, याला आणखी दोन शतके जायची होती.

कैरोत इमाम शाफी यांच्या कबरीवरची लाकडी पेटीही सागवानी आहे. ती सलाहुद्दीनच्या काळात, सन ११७८-७९ मध्ये घडली आणि घडवणाऱ्या सुताराने तिच्यावर आपले नाव कोरले आहे: उबैद, मआलीचा मुलगा. अल-अक्साच्या मिंबरावर ज्या चार सुतारांची नावे होती, त्यांपैकी एक सलमान, तोही मआलीचाच मुलगा. दोघे भाऊ असावेत असे अभ्यासक मानतात. त्याच मिंबरावर अबुल-हसन आणि फदाईल या यह्याच्या दोन मुलांचीही नावे होती. चौथा हुमैद, जाफिरचा मुलगा. हे सगळे अलेप्पोचे. बांधकामांवर सुलतानाचे नाव असणे नेहमीचे, पण इथे सुतारांचीही आहेत. त्यांचा मान काय होता, हे त्यावरून कळते.

दूरदेशातून जहाजाने आलेल्या लाकडाचा वितभर तुकडासुद्धा कोणी फेकून देत नाही. लहान तुकड्यांतून मोठी वस्तू उभी करण्याची गरज या टंचाईतून आली. पण टंचाई हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे लाकडाच्या स्वभावात आहे.

लाकूड स्वस्थ बसत नाही

कोकणातल्या जुन्या घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको. पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत अडकते, उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसतो. झाड तोडून शेकडो वर्षे झाली तरी लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहते. ते फुगते आणि आकसते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. धाग्याच्या दिशेने, म्हणजे लांबीत, फरक जवळजवळ पडत नाही. धाग्याला आडवे, म्हणजे रुंदीत, तो चांगला पडतो. मीटरभर रुंदीचे लाकूड ऋतुमानाप्रमाणे सेंटिमीटरभरसुद्धा कमीजास्त होऊ शकते. अशी रुंद फळी खिळ्यांनी घट्ट आवळून टाकली तर ती ऐकत नाही. एक तर वाकते, नाहीतर मधोमध तडकते.

कैरो, दमास्कस, कोन्या या शहरांची हवा कोरडी, दिवस-रात्रीच्या आणि उन्हाळा-हिवाळ्याच्या तापमानात मोठा फरक. अशा हवेत कित्येक फूट उंचीची लाकडी भिंत उभी करायची आणि ती शतकानुशतके सपाट राहायला हवी. तिथल्या सुतारांनी यावर काढलेला तोडगा असा: मीटरभराची फळी वापरायचीच नाही. दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकडा दशांश, तर त्याचे फुगणे-आकसणेही दशांश. तो मिलिमीटरभर हलेल. तेवढी जागा त्याला सांध्यात मोकळी सोडायची.

ही जोडणी अशी. नक्षीत ज्या पट्ट्या रेषांसारख्या धावताना दिसतात, त्या लाकडाच्या अरुंद सळया. त्यांच्या दोन्ही कडांना खाच पाडलेली असते. त्यांच्यामधले तारे, पंचकोन, पतंगाकृती हे तुकडे कडेला पातळ करून जीभ काढलेले असतात. ती जीभ खाचेत सरकते. सरस नाही, खिळा नाही. शेजारचा तुकडा पहिल्याला धरतो, पुढचा दुसऱ्याला, आणि शेवटी भोवतीची जाड चौकट सगळ्यांना. आता धाग्याची दिशा पाहा. पट्ट्या नेहमी लांबीच्या दिशेने कापलेल्या. लांबीत लाकूड बदलत नाही, म्हणून नक्षीचा सांगाडा जागच्या जागी राहतो. मधले तुकडे आपापल्या खाचेत हवे तसे फुगतात आणि आकसतात. हालचाल सगळी खाचेच्या आत लपते आणि बाहेरून नक्षीचे काही बिघडत नाही.

तुर्कस्तानात या जोडकामाला कुंदेकारी म्हणतात. कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीतले मिंबर हा तिथला सर्वांत जुना नमुना. अखलात गावच्या मेंगुम्बर्ती नावाच्या उस्तादाने ते ११५५ मध्ये आबनुसात घडवले. अडीचशे वर्षांनी, १४०० च्या सुमारास, बुर्साच्या मोठ्या मशिदीत अँटेपच्या हाजी मेहमेदने जे मिंबर केले, त्यात हीच पद्धत पूर्णत्वाला पोचलेली दिसते.

काम अवघड, वेळखाऊ आणि महागडे. म्हणून त्याची नक्कलही लवकरच निघाली. सलग फळीवर ताऱ्यांची जाळी कोरायची, किंवा फळीवर पट्ट्या ठोकून तुकड्या-तुकड्यांचा आभास करायचा. दिसायला तेच. पण काही काळाने फळी आकसते आणि तिची भेग ताऱ्याच्या पोटातून आरपार जाते. नकलेला लाकूड स्वतःच उघडे पाडते.

तारा आणि त्याचे शेजारी

तुकडे करायचे ठरले. पण कोणत्या आकाराचे? चौरसांवर भागले असते. भागवले नाही, आणि इथेच कला सुरू होते.

साधनसामग्री दोनच: कंपास आणि सरळ पट्टी. वर्तुळ काढायचे, त्याचा परीघ सारख्या भागांत विभागायचा. कंपासचे माप न बदलता परिघावर पावले टाकत गेले की बरोबर सहा पावलांत फेरी पुरी होते. म्हणून षटकोन आणि सहा टोकांचा तारा सर्वांत सोपा. एका चौरसावर दुसरा चौरस ४५ अंशांत फिरवून ठेवला की आठ टोकांचा तारा मिळतो. दहा टोकांचा काढायला पंचकोनाची युक्ती लागते. बारा, सोळा टोकांचे तारे पुढच्या पायऱ्या.

पण एकटा तारा म्हणजे जाळी नव्हे. नियम असा की ताऱ्याची कोणतीही रेषा मध्येच संपता कामा नये. ती पुढे वाढत जाते, शेजारच्या ताऱ्याची बाजू होते, तिथून आणखी पुढे. अशा रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा ताऱ्यांच्या मधल्या जागेत पंचकोन, पतंग, लांबट षटकोन असे आकार आपोआप तयार होतात. ते कोणी ठरवून आणलेले नसतात. ताऱ्याची टोके आणि तारे मांडण्याची रीत ठरली की बाकीचे भूमिती ठरवते. संपूर्ण जाळी कितीही मोठी दिसली, तरी तिच्यात तुकड्यांचे प्रकार थोडेच असतात. म्हणजे कारखान्यात एकाच मापाचे शेकडो तुकडे कापून ठेवता येतात.

अशा जाळीच्या लाकूडकामाचा एक अगदी सुरुवातीचा नमुना म्हणजे १०९१-९२ मधले अस्कलानचे मिंबर. इजिप्तच्या फातिमी खिलाफतीचा वजीर बद्र अल-जमाली याने ते भूमध्य समुद्राकाठच्या अस्कलान इथल्या दर्ग्यासाठी करवले. पुढे सलाहुद्दीनने ते हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत हलवले आणि आजही ते तिथेच आहे. बाराव्या शतकाच्या मध्याचा, सय्यिदा रुकय्या यांच्या कैरोतल्या दर्ग्याचा हलवता येणारा लाकडी मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे. त्यावरही तारे आणि षटकोन यांची जोडलेली जाळी आहे. दोनेक पिढ्यांत ही रीत इजिप्तपासून अनातोलियापर्यंत रुळली.

सुताराच्या दृष्टीने या भूमितीचा मोठा फायदा असा की कोन थोडेच लागतात. आठ टोकांच्या घराण्यात ४५, ९० आणि १३५ अंश. दहाच्या घराण्यात ३६, ७२, १०८, १४४. बाराच्या घराण्यात ३० च्या पटीतले. तेवढ्या कोनांचे लाकडी गुणे करून ठेवले की दर वेळी मोजमाप नको. स्पेनमधले सुतार अशाच ठरावीक कोनांच्या गुण्यांवर काम करत. मुस्लिम सत्ता जाऊन शतक उलटल्यावरही ही विद्या तिथे जिवंत होती. सेव्हिलच्या दिएगो लोपेझ दे आरेनास या सुताराने १६३३ मध्ये तिच्यावर पुस्तकच छापले. या घराण्यातले स्पेनमधले सर्वांत भव्य काम म्हणजे ग्रॅनडाच्या अल्हम्ब्रा राजवाड्यातल्या दरबार-दालनाचे चौदाव्या शतकातले छत. ते ८,०१७ लाकडी तुकड्यांचे आहे.

कोन थोडे असले तरी चुकीला माफी नाही. सोळा टोकांच्या ताऱ्याभोवती सोळा सारखे तुकडे बसवायचे आहेत असे समजा. प्रत्येक तुकड्याचा कोन फक्त अर्ध्या अंशाने चुकला. एकेकटा तुकडा पाहून कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण फेरी पूर्ण होईपर्यंत चूक आठ अंशांची होते आणि शेवटचा तुकडा बसतच नाही. सरस आणि खिळ्यांच्या कामात अशी चूक दाबून टाकता येते. इथे ती लपवायला जागा नाही.

पंडित आणि कारागीर

ही भूमिती सुतारांना कोणी शिकवली? दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये याची एक झलक मिळते. अबुल-वफा अल-बूझजानी (९४०–९९८) हा त्या काळचा अव्वल गणिती. त्रिकोणमितीत त्याचे नाव आजही घेतले जाते. त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात गणिती आणि कारागीर एकत्र बसून वाद घालत अशा बैठकींचा उल्लेख आहे. एका बैठकीतला प्रश्न असा: सारख्या मापाचे तीन चौरस आहेत, ते कापून त्यांचा एकच मोठा चौरस करा.

कारागिरांनी आपापल्या रीती दाखवल्या. काही रीती डोळ्यांना बरोबर वाटत, पण गणिताने चुकीच्या ठरत. अबुल-वफा कारागिरांना तर दोष देतोच, पण गणित्यांनाही सोडत नाही. त्यांना सिद्धता येते, पण प्रत्यक्ष कापायचे कसे हे ठाऊक नसते, असे त्याचे म्हणणे. मग तो स्वतःची रीत देतो. दोन चौरस कर्णावर कापा, चार त्रिकोण होतील. तिसऱ्या चौरसाच्या चारही बाजूंना एकेक त्रिकोण त्याच्या लांब बाजूने लावा. प्रत्येक त्रिकोणाचे एक टोक चौरसाच्या कोपऱ्याशी जुळवायचे, दुसरे पुढे निघू द्यायचे, आणि चौघांची दिशा एकच ठेवायची. भिंगरीसारखी आकृती होते. आता त्रिकोणांचे बाहेरचे चार काटकोन रेषांनी जोडा. रेषेबाहेर राहिलेले चार चिमुकले तुकडे कापून आतल्या चार रिकाम्या जागांत बसवा. ते तंतोतंत बसतात आणि मोठा चौरस पुरा होतो. कागद-कात्री घेऊन वाचकांनी हे जरूर करून पाहावे. बगदादच्या बैठकीचा तासभर घरबसल्या अनुभवता येईल.

या ग्रंथाच्या फारसी अनुवादासोबत बांधलेले, एकमेकांत गुंतणाऱ्या आकृत्यांवरचे एक निनावी हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात पंधराव्या-सोळाव्या शतकातली जवळजवळ साडेएकोणतीस मीटर लांबीची कागदी गुंडाळी आहे आणि तिच्यात ११४ आकृत्या आहेत. गुलरू नेजिपोग्लू या विदुषीने १९९५ मध्ये ती अभ्यासासह प्रसिद्ध केली. या गुंडाळीत शाईच्या रेषांबरोबर बिनशाईचे, टोकदार हत्याराने कागदावर ओढलेले ओरखडेही आहेत. उजेडात तिरपे धरले तर दिसणारे हे ओरखडे म्हणजे आकृतीची पूर्वतयारी.

अशाच ओरखड्यांनी हिंदुस्थानातही एकाला वाट दाखवली होती. अर्नेस्ट हॅन्किन हा आग्र्याला काम करणारा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ. गंगेचे पाणी कॉलऱ्याचे जंतू मारते, हे निरीक्षण १८९६ मध्ये मांडणारा तोच. फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामात भिंतीच्या गिलाव्यावर त्याला नक्षीखाली पुसट खुणा दिसल्या. त्यावरून त्याने ताडले की कारागीर आधी बहुकोन एकमेकांना चिकटवून मांडत आणि मग त्यांच्या कडांच्या मध्यातून ताऱ्यांच्या रेषा काढत. काम झाले की बहुकोन पुसून टाकायचे, तारे तेवढे राहायचे. भारतीय पुरातत्त्व खात्याने १९२५ मध्ये त्याचा प्रबंध छापला. पुढे २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी इस्फहानच्या १४५३ मधल्या दर्ब-ए-इमाम दर्ग्याची नक्षी पाच मूळ फरशांतून कशी निघते, ते दाखवले. ती नक्षी विसाव्या शतकातल्या गणिताच्या किती जवळ जाते यावर अजून वाद आहे. पण पायाशी असलेली कल्पना हॅन्किनच्या बहुकोनांचीच नातलग.

पुन्हा उभे राहिलेले मिंबर

आता जळालेल्या मिंबराकडे येऊ. मिन्वर अल-मेहैद या इंजिनिअरने जुन्या छायाचित्रांवरून आणि उरलेल्या अवशेषांवरून ते कोडे सोडवायला घेतले. वर सांगितलेला नियम इथे कामी आला. ताऱ्याची टोके आणि मांडणीची रीत सापडली की मधले आकार स्वतःहून हाती येतात. नाहीसा झालेला तुकडासुद्धा त्याच्या शेजाऱ्यांवरून काढता येतो. जे सुतारांनी कागदावर ठेवले नव्हते, ते त्यांनी भूमितीत ठेवले होते.

जॉर्डनमधल्या सॉल्ट शहरात, अल-बल्का विद्यापीठाच्या पारंपरिक कलांच्या संस्थेत, प्रत्यक्ष काम झाले. जॉर्डन, इजिप्त, तुर्कस्तान, इंडोनेशिया अशा देशांतले कारागीर जमवावे लागले, कारण एका देशात सगळी कौशल्ये मिळेनात. अक्रोडाचे लाकूड, आबनूस, हस्तिदंत. सुमारे १६,५०० तुकडे, आणि ते एकमेकांत गुंतवून केलेले आसन. २००७ च्या सुरुवातीला ते अल-अक्सात बसले.

पांढऱ्यावर काळे, काळ्यावर पांढरे

तुकडे जोडून झाले की त्यांवर दुसरी कारागिरी चढते, ती जडावकामाची. तिच्या दोन मुख्य रीती. पहिलीत तुकड्यात खाच कोरून तिच्यात हस्तिदंत, हाड, शिंपला किंवा दुसऱ्या रंगाचे लाकूड बसवायचे. दुसरीत लाकडाचा पृष्ठभाग झाकूनच टाकायचा, त्यावर रंगीत लाकूड आणि हाड यांचे चिमुकले काप चिकटवून चित्र उभे करायचे. पहिलीचा कळस कैरोत झाला, दुसरीचा स्पेनमधल्या कोर्दोब्यात.

कोर्दोब्याचे सर्वश्रेष्ठ काम आज मोरोक्कोत, माराकेशमध्ये आहे. अल्मोराविद सुलतान अली इब्न यूसुफ याने आपल्या राजधानीच्या मशिदीसाठी ११३७ मध्ये कोर्दोब्यात हे मिंबर करायला सांगितले. ते तयार झाल्यावर सुटे करून समुद्रापार नेले आणि माराकेशला पुन्हा जोडले. उंची ३.८६ मीटर. त्याच्या बाजूंवर हाड आणि गडद लाकूड यांच्या काड्यांनी विणलेल्या पट्ट्या आठ टोकांचे तारे गुंफत चढत जातात आणि मधल्या प्रत्येक आकारात तळहाताहून लहान कोरीव फलक आहे. त्यांवरच्या पानाफुलांची नक्षी सहसा पुन्हा येत नाही. ११४७ मध्ये अल्मोहाद घराण्याने माराकेश जिंकले. आधीच्या राजवटीच्या मशिदी त्यांना भ्रष्ट वाटत. त्या त्यांनी पाडल्या, पण हे मिंबर मात्र उचलून आपल्या नव्या कुतुबिया मशिदीत ठेवले. शत्रूची वस्तू इतकी सुंदर की टाकवेना! चौदाव्या शतकातला विद्वान इब्न मरझूक लिहितो की जाणकारांच्या मते कोर्दोब्याच्या मशिदीतले आणि हे, अशी दोनच मिंबरे जगात अव्वल. १९९६-९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आणि मोरोक्कोच्या तज्ज्ञांनी मिळून त्याची डागडुजी केली. आता ते माराकेशच्या बदी राजवाड्यात पाहायला मिळते.

या चिकटवण्याच्या रीतीची एक शाखा इराणात फुलली. लाकूड, हाड आणि पितळ यांच्या बारीक त्रिकोणी काड्या करायच्या, त्या ताऱ्याच्या आकारात एकत्र बांधून सरसाने चिकटवायच्या आणि मग त्या जुडीचे आडवे काप काढायचे. प्रत्येक कापावर तोच तारा. हे पातळ काप पेटीवर, चौकटीवर बसवले की झाले. ही खातमकारी, आणि शिराझ हे तिचे माहेरघर.

तिचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विलायतेत नावाजलेल्या लेखनपेट्या आणि शिवणाच्या पेट्या याच तंत्राने बनत. चंदनी किंवा इतर लाकडावर हस्तिदंत, आबनूस, कथील आणि रंगवलेले हाड यांचे ताऱ्यांचे काप. आपल्याकडे या कामाला सादेली म्हणतात. मुंबईच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी, सुरुवातीला निगडित असलेले जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० च्या आपल्या पुस्तकात ही कला शिराझहून सिंधमार्गे सुरत-मुंबईला आल्याचे लिहिले आहे. मिंबरासाठी घडलेली ताऱ्यांची भाषा सहा-सात शतकांनी मुंबईच्या साहेबाच्या दौतपेटीवर येऊन बसली.

सुटे होणे हाच धोका

कैरोच्या मामलुक सुलतानांनी (१२५०–१५१७) मिंबरांवर सढळ हाताने खर्च केला. त्यातला एक, सुलतान लाजीन. १२९३ मध्ये सुलतान खलीलच्या खुनात त्याचा हात होता. पाठलाग चुकवत तो नवव्या शतकातल्या इब्न तुलून मशिदीत लपला. ती तेव्हा ओसाड पडली होती. वाचलो तर हिचा जीर्णोद्धार करीन, असा नवस त्याने केला. १२९६ मध्ये तो गादीवर आला आणि नवस फेडला. त्याच वर्षी त्याने तिथे बसवलेले मिंबर मामलुक जोडकामाचा आदर्श मानले जाते. पंधराव्या शतकात सुतार आणखी पुढे गेले. अल-घमरी मशिदीसाठी १४५१ च्या सुमारास झालेल्या मिंबरात सरळ रेषांच्या जोडीला वाकदार रेषाही आल्या. सरळ पट्टीपेक्षा वाकदार पट्टीत खाच पाडणे किती अवघड, ते कोणत्याही सुताराला विचारावे.

पण जी बांधणी लाकडाला वाचवते, तीच चोराला सोयीची पडते. खिळा नाही, सरस नाही, म्हणजे एक तुकडा उचकटला की दुसरा सहज निघतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘अरबी’ वस्तूंचा शौक वाढला आणि कैरोची मिंबरे तुकड्या-तुकड्यांनी विकली जाऊ लागली. लाजीनच्या मिंबराचे कितीतरी फलक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्याच संग्रहालयात सुलतान कायतबायच्या काळातले हस्तिदंत जडवलेले अख्खे मिंबर १८६९ पासून उभे आहे. काही फलक नव्या चौकटींत बसवून त्यांचे दिवाणखान्याचे दरवाजे झाले. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी कैरोत १८८१ मध्ये समिती नेमली गेली. तिने लाजीनच्या मिंबराच्या रिकाम्या जागा नव्या फलकांनी भरल्या. चोऱ्या मात्र एकविसाव्या शतकातही थांबल्या नाहीत. गेल्या काही दशकांत कैरोतल्या मामलुक मिंबरांवरचे हस्तिदंती फलक चोरीला गेले आहेत. म्हणूनच अलीकडे तिथल्या संवर्धकांनी या मिंबरांचे मोजमाप, रेखाटने आणि छायाचित्रे असा तपशीलवार दस्तऐवज तयार केला. एक तुकडा गेला तरी तो कुठला होता, हे सिद्ध करता यावे, हा त्यामागचा विचार.

असे मिंबर असलेल्या मशिदीत किंवा एखाद्या संग्रहालयात वाचकांना कधी जायला मिळाले, तर ताऱ्यांची टोके मोजण्यात वेळ घालवू नये. जवळ जाऊन लाकडाचा धागा पाहावा. प्रत्येक तुकड्याचा धागा आपापल्या दिशेने जात असेल आणि सांधे केसाएवढे असतील, तर काम खरे. एकच धागा चार आकृत्यांतून सलग वाहत असेल, किंवा भेग ताऱ्याला चिरत गेली असेल, तर समजावे की नक्षी फक्त वरून काढली आहे. खऱ्या कामात लाकूड हलले तरी तारा जागचा हलत नाही, आणि या सुतारांनी आपल्या कामाला लावलेली कसोटी तीच होती.